गुडघा वाकवण्याचे दिवस

हे लिहावं की नाही, याचा मी बरेच दिवस विचार करत होतो. ज्याला आजार म्हणतात तसा माझा आजार नव्हता. उजव्या मांडीचं हाड गुडघ्याच्या चार बोटं वर मोडलं, एवढंच. त्यानं सहसा कोणी मरत नाही. शिवाय दोष माझाच होता, त्यामुळे सहानुभूती मागण्याचा मला फारसा हक्क नाही.

पण मागच्या महिन्यात तपासणीसाठी इस्पितळात गेलो होतो, तेव्हा जुन्या वॉर्डात डोकावलो. माझ्या खाटेवर बोरीवलीकडचा एक माणूस पाय टांगून पडला होता. ताडी काढायला चढला आणि झाडावरून पडला. मीही याच खाटेवर होतो हे कळल्यावर, आणि मी काठीशिवाय चालतो हे पाहून त्यानं विचारलं, "तुमचा वाकतो का हो आता?" मी म्हणालो, "वाकतो. म्हणजे, वाकतो तसा." एवढंच बोलून मी निघालो आणि घरी येईपर्यंत स्वतःवर चिडत राहिलो. त्याला दोन शब्दांचं उत्तर नको होतं. त्याला जे सांगायला हवं होतं ते इथे लिहितो.

पडेल त्याची पाळी संपली

आम्ही घाटकोपरला राहतो. बाबा कुर्ल्याच्या गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागावर, आहेत. मालवणकडून ते वयाच्या सतराव्या वर्षी इकडे आले. आमच्या घरात मॅट्रिक झालेला मी पहिला, आणि कॉलेजात गेलेला तर सगळ्या भावकीत पहिला. त्यामुळे मी काय करतो, कुठे जातो, यावर बऱ्याच लोकांचं लक्ष असे. फटफटीची गोष्ट म्हणूनच मी घरी सांगितली नव्हती.

फटफटी पास्कलच्या काकांची होती. पास्कल माझ्या वर्गात, राहायला मरोळ गावात. लढाई संपल्यावर मिलिटरीनं जुन्या गाड्या लिलावात काढल्या, त्यात काकांनी ती घेतली आणि एकदाही न चालवता परसात ठेवून दिली. आम्ही पाहिली तेव्हा तिच्या सीटवर कोंबडी अंड्यांवर बसली होती. मी ती बबनला दाखवली. बबन माझा शाळेतला मित्र. सातवीनंतर त्यानं शाळा सोडली आणि साकीनाक्याला एका पत्र्याच्या शेडमध्ये इंजिनं दुरुस्त करायला शिकला. त्यानं फटफटीभोवती दोन फेऱ्या मारल्या, किक दाबून पाहिली. किक हलली नाही. तो म्हणाला, "मेलेली नाय. जॅम झालीय." पुढे तीन महिने दर रविवारी तो तिच्यापाशी बसला, आणि एका सकाळी ती सुरू झाली. सगळ्या कोंबड्या शेजारच्या वाडीत पळून गेल्या.

रस्त्यावर चालवायला आमच्याकडे ना लायसन होतं ना हिंमत. म्हणून आम्ही ती मरोळच्या मागे, विहार तलावाकडे जाणाऱ्या डोंगराच्या बाजूला नेत असू. दिवाळीनंतर भातकापणी झालेली असे. खाचरं कोरडी, बांध टणक, बैलगाड्यांच्या चाकांनी पडलेल्या खोल चाकोऱ्या, मध्येच दगडांचा कोरडा ओहोळ. गाडी एक आणि माणसं तीन. बबननं नियम काढला: चालवायला बसला की पडेपर्यंत त्याची पाळी. पडला की उतरायचं आणि दुसऱ्याच्या हातात द्यायची. जो चालवेल त्याच्या मागे बाकीचे दोघं धावणार, पडलेल्याला उचलायला आणि हसायला.

आम्ही पुष्कळ पडलो. पास्कल एकदा तबेल्याच्या शेणखड्ड्यात गेला, आणि त्याची आई त्याला दोन दिवस घरात घेईना. बबन करवंदीच्या जाळीत गेला, तर आम्ही त्याच्या पाठीतले काटे काढत बसलो. मी एका आजींच्या वाळत घातलेल्या गोवऱ्यांवरून गेलो. त्या म्हाताऱ्या बाईनं आम्हाला तिघांना ओळीनं बसवलं आणि मोडल्या तेवढ्या गोवऱ्या परत थापायला लावल्या. माझ्या गोवऱ्या तिला पसंत पडल्या नाहीत. कॉलेजात जातो असं सांगितल्यावर ती म्हणाली, "म्हणूनच."

खरं सांगायचं तर माझ्या आयुष्यात तेवढा आनंद दुसऱ्या कशात नव्हता. कॉलेजात मी सतत घाबरलेला असे. इंग्रजी बोलताना चुकेन, डबा उघडताना कोणी पाहील, अशा भीतीत दिवस जाई. त्या माळावर मी पडलो तरी मला कोणाची लाज वाटत नसे. आणि चालवायला बसलो की उतरायची इच्छा होत नसे. नेमकं हेच पुढे नडलं.

संक्रांतीच्या आसपासचा रविवार होता. घरी मी पास्कलकडे अभ्यासाला जातो म्हणून सांगितलं होतं. माझी पाळी चांगली लांबली होती. एका उंच बांधावरून ओहोळात उतरताना पुढचं चाक चाकोरीत अडकलं आणि गाडी उजवीकडे कलली. अशा वेळी गाडी सोडून डावीकडे उडी टाकायची, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं. मी सोडली नाही. सोडली तर पडलो असा अर्थ झाला असता आणि पाळी संपली असती. मी हँडल घट्ट धरून तिला सावरत राहिलो, आणि ती मला घेऊन दगडांवर आली.

बबननं मात्र कमाल केली. कुंपणाचे दोन बांबू उपटले, गाडीच्या मागच्या चाकातली ट्यूब काढून फाडली, आणि पाय त्या बांबूंना असा बांधला की पुढे इस्पितळात डॉक्टरांनी विचारलं, हे कोणी केलं. पेंढा नेणाऱ्या बैलगाडीत घालून त्यांनी मला मरोळला आणलं, तिथून लॉरीनं इस्पितळात. घाटकोपरला सांगायला बबन गेला. बाबांनी त्याला काय विचारलं, हे त्यानं मला कधीच सांगितलं नाही.

कप्पी

पाय लोखंडी चौकटीत ठेवून, दोरीला वजन बांधून, दोरी पायथ्याच्या कप्पीवरून खाली सोडली होती. असं तीन महिने उताणं पडायचं. कूस बदलायची नाही.

नव्यानं कोणी अशा खाटेवर पडला असेल तर त्याला मी एवढंच सांगेन, की पहिले आठ दिवस सर्वांत वाईट. दुखणं नव्हे, दुखण्याला औषध असतं. शौचाचं भांडं मागण्याची लाज वाईट. मी दोन दिवस मागितलंच नाही. तिसऱ्या दिवशी सिस्टरच्या ते लक्षात आलं. ती वसईकडची, पन्नाशीची बाई होती. पडदा ओढून म्हणाली, "कॉलेजात हे शिकवत नाहीत वाटतं?" त्यानंतर ती मला विचारायची नाही, ठरलेल्या वेळी भांडं आणून ठेवायची. मी किती आभारी होतो ते तिला कधी बोलून दाखवता आलं नाही.

वॉर्डाचा दिवस पाच वाजता सुरू होई. तोंड धुणं, चहा, पलंगपोस, मग मोठ्या डॉक्टरांची फेरी. मी जरा हललो की कप्पी कुईकुई करायची. चाळीस खाटांच्या वॉर्डात सगळ्यांना कळे की अकरा नंबर हलला. बबन पहिल्यांदा भेटायला आला तो आधी माझ्याकडे नव्हे, कप्पीकडेच गेला. दुसऱ्या वेळी खिशातून तेलाची बुधली काढली. सिस्टरनं त्याला पकडलं तेव्हा आवाज थांबला होता, म्हणून तिनं नुसतं दार दाखवलं, आणि पुढच्या आठवड्यात आणखी दोन कप्प्या त्याच्याकडून करून घेतल्या.

आई पेज घेऊन यायची. ती रडायची नाही, पण माझे केस विंचरत बसायची, मी दहा वर्षांचा असल्यासारखं. बाबा पहिली पाळी संपवून भेटीच्या वेळेला येत. टोपी न काढता स्टुलावर बसत. मोसंबं सोलून एकेक फोड माझ्या हातावर ठेवत आणि घंटा झाली की उठत. फटफटीबद्दल त्यांनी एकदाच विचारलं, तेही पहिल्या दिवशी: "खोटां सांगून गेलंस?" मी हो म्हणालो. इंटरची परीक्षा मार्चात होती. ती मी खाटेवरच असताना झाली. त्या दिवशीही ते मोसंबं सोलून देऊन गेले.

भाषांतर

एप्रिलमध्ये चौकट काढली. हाड जुळलं होतं. पण गुडघा लाकडासारखा झाला होता. मोठ्या डॉक्टरांनी पाय हातात घेऊन वाकवून पाहिला. तो जेमतेम पंधरा-वीस अंश वाकला. बाबा शेजारी उभे होते.

मोठ्या डॉक्टरांना मराठी येत नव्हती. ते माझ्याशी इंग्रजीत बोलले. सावकाश, स्पष्ट बोलले, कारण मी विद्यार्थी आहे हे त्यांना माहीत होतं. अशा मोडण्यात सांधा कधी कधी धरून बसतो, तो थोडा सुटेल किंवा अजिबात सुटणार नाही, आणि पाय कायमचा ताठ राहील अशी मनाची तयारी ठेव, असं ते म्हणाले. मग मला म्हणाले, हे तुझ्या वडिलांना सांग.

मी इंग्रजी शिकावं म्हणून बाबांनी काय काय केलं ते मला माहीत आहे. त्या इंग्रजीचा आमच्या घराला झालेला हा पहिला उपयोग.

बाबांनी विचारलं, "काय म्हणतत?"

मी म्हणालो, "म्हणतात, थोडे दिवस लागतील. सवयीनं सुटेल."

बाबांनी मोठ्या डॉक्टरांना वाकून नमस्कार केला. मोठे डॉक्टर माझ्याकडे पाहत राहिले. बातमी ऐकून कोणी नमस्कार करील, असं त्यांना वाटलं नसावं.

मी ठरवून खोटं बोललो नाही. तोंडातून ते वाक्य बाहेर आलं आणि मग परत घेता आलं नाही. ज्यांना स्वतःच्या दुखण्याचं भाषांतर करावं लागतं अशी आमच्यासारखी पुष्कळ मुलं असतील. त्यांना मी हात जोडून सांगतो, आहे तसं सांगा. मी सांगितलं नाही, त्याचं पुढे काय झालं ते पाहा.

स्टूल

आमची खोली एकच, दहा बाय बाराची. तिथे खुर्ची नव्हती, टेबल नव्हतं. जेवण, अभ्यास, पाहुण्यांचं बसणं, सगळं जमिनीवर. ताठ पायाचा माणूस अशा घरात कुठे ठेवायचा हा प्रश्नच होता. शेजाऱ्यांकडून एक उंच स्टूल आणि निजायला एक खाट आणली.

बाबांच्या पाळ्यांमुळे आम्ही सगळे एकत्र फक्त रविवारी जेवतो. पहिल्या रविवारी बाबा पाटावर बसले आणि मी स्टुलावर, ताट मांडीवर घेऊन. माझा गुडघा त्यांच्या डोक्याच्या उंचीवर येत होता. जन्मदाता खाली बसलाय आणि मी वर. मी अर्धं ताट तसंच ठेवलं. पुढच्या रविवारपासून मी भूक नाही म्हणू लागलो आणि सगळ्यांचं झाल्यावर जेवू लागलो.

बाबांची समजूत होती की सवयीनं पाय सुटणार. त्यामुळे महिना झाला, दीड महिना झाला, तरी मी स्टुलावरच, याचा अर्थ त्यांच्या दृष्टीनं एकच होता. सकाळी कामावर जाताना ते आईला सांगत, "त्येका चलवून घे. बसान बसान आळशी झालो तो." मला ऐकू जाईल अशा बेतानंच सांगत. मी ऐकून घेत असे. आणि मनाशी ठरवत असे की पुढच्या रविवारपर्यंत मांडी घालून दाखवीन, म्हणजे मी बोललो ते खोटं राहणार नाही.

इस्पितळातल्या मसाजच्या बाईंनी व्यायाम दाखवले होते. ते मी करत होतो. पस्तीस अंशांपर्यंत आलो आणि तिथे थांबलो. तीन आठवडे एक अंशही पुढे सरकलो नाही.

बबनची पद्धत

मग बबननं गुडघा पाहिला. दोन्ही हातांनी चाचपला, हलवला, कान लावून ऐकला. म्हणाला, "सद्या, हा मेलेला नाय. जॅम झालाय."

मला हसू आलं, पण धीरही आला. त्यानं ती फटफटी माझ्या डोळ्यांसमोर जिवंत केली होती. जॅम झालेलं इंजिन कसं सोडवतात ते त्यानं समजावलं: आधी शेक द्यायचा, तेल सोडायचं, मुरू द्यायचं, मग थोडं पुढे, थोडं मागे, थोडं पुढे, थोडं मागे, आणि सुटायला आलं की एकदाच नेट लावायचा. मी विज्ञानाचा विद्यार्थी. मला त्यात काही चूक दिसली नाही. उलट मोठ्या डॉक्टरांपेक्षा याला जास्त कळतं, असंही क्षणभर वाटलं.

चार दिवस तो दुपारच्या सुट्टीत साकीनाक्याहून सायकलनं येत होता. गरम विटेचा शेक, खोबरेल तेल, पुढे, मागे. आई कौतुकानं पाहत होती. पाचव्या दिवशी आई नळावर गेली होती. बबन म्हणाला की आज सुटायला आलाय, पण तू ओरडशील. मी म्हणालो, ओरडलो तरी थांबू नकोस. हे माझे शब्द आहेत. बबनचे नाहीत. पुढे सगळ्यांनी त्याला दोष दिला, म्हणून मुद्दाम लिहून ठेवतो.

मी खाटेच्या कडेला बसलो. त्यानं माझी मांडी काखेत दाबून धरली आणि नडगीवर भार टाकला. मी ओरडलो. तो थांबला नाही. आत काहीतरी फाटल्याचा आवाज आला, जाड कापड फाडल्यासारखा. गुडघा एकदम वाकला. बबनचा चेहरा आनंदानं उजळला. मग त्यानं माझा चेहरा पाहिला.

तासाभरात गुडघा नारळाएवढा सुजला.

खरं भाषांतर

पुन्हा तेच इस्पितळ, तोच वॉर्ड. हाड वाचलं होतं, पण आत रक्त साकळलं होतं. पुन्हा तीन आठवडे प्लास्टर. मोठे डॉक्टर माझ्यावर रागावले, आणि त्यांचा राग बरोबर होता. ते म्हणाले, जे काही मिळवलं होतं ते गेलं. आता प्लास्टर काढल्यावर सहा आठवड्यांत नव्वदपर्यंत आला तर आला. नाही आला तर तो असाच राहील, आणि मग तो विषय सोडून दे.

आणि पुन्हा म्हणाले, वडिलांना सांग.

बाबा त्याच जागी उभे होते. या वेळी मी सगळं सांगितलं. सहा आठवडे, नव्वद, नाहीतर कायमचा ताठ. आणि हेही सांगितलं, की एप्रिलमध्येही डॉक्टर असंच म्हणाले होते, मी तुम्हाला वेगळं सांगितलं.

माझी अपेक्षा होती की बाबा रागावतील. ते म्हणाले, "मगे इतके दिस मी तुका आळशी म्हणत होतंय, तां तू गप ऐकून कित्याक घेतलंस?"

मी म्हणालो, "मला वाटलं, पाय वाकवून दाखवला की सगळं नीट होईल."

त्यांनी टोपी काढली, कपाळ पुसलं, पुन्हा घातली. मग स्टूल ओढून बसले आणि पिशवीतून मोसंबं काढून सोलायला लागले. पहिलीच फोड त्यांच्या बोटांत फुटली. साच्यावर तुटलेला धागा चालत्या यंत्रात सांधणारा हात आहे तो. मी तो आधी कधी चुकताना पाहिला नव्हता.

सहा आठवडे

प्लास्टर काढलं तेव्हा गुडघा दहा अंश वाकत होता.

मी एकच ठरवलं, की आता कोणाला दाखवण्यासाठी काही करायचं नाही. रोज मोजायचं आणि जे निघेल ते लिहायचं. खाट भिंतीला लावली. तिच्या पायथ्याच्या कडेवर, भिंतीलगत बसून पाय खाली सोडायचा, होईल तेवढा मागे वाकवायचा, टाच जिथे येईल तिथे भिंतीवर पेन्सिलनं खूण करायची, आणि कंपासपेटीतल्या कोनमापकानं अंश काढायचे. आईनं चुन्याची भिंत खराब होते म्हणून कुरकुर केली. दुसऱ्या दिवसापासून तीच पेन्सिल घेऊन उभी राहू लागली.

मसाजच्या बाईंनी मला एक नियम दिला होता. पहिल्या वेळी मी तो नीट ऐकला नव्हता. दुखलं पाहिजे, पण दुसऱ्या दिवशी सुजता कामा नये. सुजला तर काल तू घाई केलीस. मला एवढं साधं सांगणं कोणत्याच पुस्तकात मिळालं नाही. दिवसातून सहा वेळा, पंधरा-पंधरा मिनिटं. सकाळी उठल्यावर तो पुन्हा ताठ झालेला असे. काल मिळवलेल्यातलं निम्मं रोज परत मिळवावं लागे. पहिल्या आठवड्यात बावीस झाले, दुसऱ्यात एकतीस. तिसऱ्यात एकतीसच. तो आठवडा कसा काढला ते लिहिता येत नाही. एके दुपारी मी कोनमापक फेकून दिला. आईनं तो खाटेखालून काढून पुसून ठेवला आणि म्हणाली, "रड हवं तर. पण पाच वाजताचं चुकवू नकोस." मी रडतच पाच वाजताचं केलं.

बाबा बदलले होते. आता कामावर जाताना आईला काही सांगत नसत. आल्यावर आधी भिंतीकडे जात आणि सर्वांत पुढची खूण बोटानं चाचपून पाहत. आकडे त्यांना वाचता येत, पण अंश म्हणजे काय ते त्यांनी विचारलं नाही. खूण पुढे गेलेली असली की चहा बसून पीत, नसली की उभ्यानं.

बबन येत नव्हता. त्या दिवसापासून तो आमच्या रस्त्यालाही फिरकला नव्हता. पास्कल म्हणाला, फटफटीला हात लावायलाही तो तयार नाही. म्हणून चौथ्या आठवड्यात मी काठी घेऊन साकीनाक्याला चालत गेलो. वाटेतली असल्फ्याची टेकडी चढायला मला दोन तास लागले. शेडमध्ये मला पाहून तो एका लॉरीखाली सरकला आणि तिथूनच म्हणाला, की मी इथे नाही असं समज. मी बाजूच्या टायरवर बसलो. वाकता येत नसल्यामुळे मला त्याचे फक्त पाय दिसत होते. त्या पायांना मी सांगितलं, की चूक दोघांची आहे आणि अर्धी घ्यायला मी आलोय. बराच वेळ आतून पान्याचा आवाज येत राहिला.

मग तो म्हणाला, "सद्या, इंजिन बोअर करून नवीन पिस्टन टाकला ना, की पहिले हजार मैल गाडी पळवत नसतात. हळूच न्यायची. हे मला माहीत होतं रे. तुझ्या पायाच्या वेळी माहीत असून विसरलो."

त्यानंतर तो रोज यायला लागला. गुडघ्याला हात लावत नसे. नुसता समोर बसून वेळ मोजायचा, आणि पंधरा मिनिटं झाली की थांबवायचा, मला आणखी करायचं असलं तरी. त्यानं थांबवल्यामुळे सूज आली नाही. सूज आली नाही म्हणून पाचव्या आठवड्यात मी अठ्ठावन्नवर गेलो आणि सहाव्यात, शेवटच्या दिवशी, भिंतीवर नव्वद आले. आईनं देवापुढे साखर ठेवली.

दुसऱ्या दिवशी मोठ्या डॉक्टरांनी त्यांच्या मापानं मोजलं. शहात्तर निघाले.

मी म्हणालो, काल नव्वद होते. त्यांनी मला टेबलाच्या कडेला बसवलं, माझ्या कमरेवर हात ठेवला आणि पुन्हा वाकवायला सांगितलं. मग मला कळलं. शेवटच्या दिवसांत खूण पुढे जावी म्हणून मी नकळत बूड उचलत होतो. मांडी तिरकी होई आणि टाच भिंतीवर पुढे सरकल्यासारखी दिसे. मी कोणाला फसवायचं नाही असं ठरवलं होतं, आणि माझ्याच शरीरानं मला चौदा अंशांनी फसवलं होतं.

मोठे डॉक्टर म्हणाले, शहात्तर काही वाईट नाहीत, खुर्चीवर बसून नोकरी करता येईल, आता थांबलास तरी चालेल. मी त्यांना विचारलं, थांबलो नाही तर चालेल का? इंग्रजीत मी न अडखळता विचारलेला तो बहुधा पहिला प्रश्न. ते जरा हसले आणि म्हणाले, सुजला नाही तर चालेल.

घरी येऊन मी भिंतीवरच्या सगळ्या खुणा पुसल्या. आईला माझी कंबर दाबून धरायला सांगितली आणि शहात्तरपासून पुन्हा सुरुवात केली.

आता

हे लिहितोय तेव्हा गुडघा एकशे चार अंश वाकतो. मोठ्या डॉक्टरांच्या मापानं. एक वर्ष वाया गेलं, पण इंटरला परत बसतो आहे, आणि कॉलेजच्या बाकात पाय मावतो. रविवारी मरोळला जातो. पास्कल आणि बबन चालवतात, मी बांधावर बसून पाहतो. या खेपेला घरी सांगून जातो. चालवेन का, ते मला अजून ठरवता येत नाही.

मांडी घालता येत नाही. ती कधी येईल असंही मला आता वाटत नाही. व्यायाम मात्र चालू आहे.

गेल्या महिन्यातल्या एका रविवारी मी ठरवलं की आज जमिनीवर बसायचं. आई बांगड्याचं कालवण वाढत होती. बाबा भिंतीशी आपल्या पाटावर होते. मी दाराची चौकट धरून हळूहळू खाली बसलो. डावा पाय दुमडला. उजवा जेवढा वाकायचा तेवढा वाकला आणि पुढे आला, तो सरळ बाबांच्या ताटासमोर. मी तो फिरवून पाहिला. एका बाजूला देवांचा कोनाडा. दुसऱ्या बाजूला चूल आणि आई. एवढ्याशा खोलीत पाय करता येईल अशी एकही दिशा नव्हती. घामाघूम होऊन मी म्हणालो, राहू दे, मी स्टुलावरच बसतो, आणि उठण्यासाठी चौकटीकडे हात नेला.

बाबा उठले. एका हातात ताट आणि दुसऱ्या हातात पाट घेऊन ते माझ्या पायाला वळसा घालून आले, माझ्या डाव्या बाजूला पाट मांडला आणि माझ्या खांद्याला खांदा लावून बसले. आईला म्हणाले, "वाढ गो. निवता सगळा."

भिंतीजवळची ती जागा सोळा वर्षं बाबांची होती. आता रविवारी तिथे कोणी बसत नाही. तिकडे माझा पाय असतो.